पाटाच्या कडेची आमरी

धाकटा भाऊ हट्टा गावाजवळ शेती करतो. त्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे राहायला गेले होते. एका सकाळी तो पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन पाटाच्या कडेचं गवत मारायला निघाला. भावजय आणि मीही मागोमाग गेलो.

पाट पाझरतो, त्यामुळं कड ओलसर असते. तिथं गवतात बोटभर उंचीचे तांबूस दांडे दिसले. पानं गवतासारखीच अरुंद. शेंड्याला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फुलं दाटीनं लागलेली. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, नोकरी मात्र बँकेत केली; तरी ती फुलं पाहून थांबले. प्रत्येक फुलात एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी, पिवळी होती. गवताला असलं फूल येत नाही.

भावाला म्हटलं, फवारू नकोस, ही आमरी असेल, ऑर्किड.

"गवतच हाय ते," तो म्हणाला. पण पंप खाली ठेवला.

माझीही खात्री नव्हती. आमरी म्हटलं की झाडावर वाढणारी, मोठ्या फुलांची, असंच डोळ्यांपुढं येतं. पण एक खूण आठवत होती. आमरीचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात, त्यांची गोळी असते आणि ती चिकटते. भावजयीनं साडीची पिन काढून दिली. मी ओणवी होऊन पिनेचं टोक फुलात घातलं. पहिल्या काही फुलांत काहीच मिळालं नाही. मग एकातून टोकावर पिवळा ठिपका आला. फुंकर मारली, तरी पडला नाही; म्हणजे आमरीच.

भावजयीनं पिन हातात घेऊन उन्हात धरली, बराच वेळ पाहिली आणि नाव विचारलं. तेव्हा मला सांगता आलं नाही. माझ्या घरी परतल्यावर तिथं काढलेले फोटो पुस्तकाशी ताडून पाहिले, तेव्हा झ्युक्झाइन हे शास्त्रीय नाव मिळालं. मराठी नाव कुठं सापडलं नाही.

भावानं तेवढी कड सोडून बाकीचं फवारलं. "गव्हात शिरलं तर मात्र ठेवणार न्हाई," असं त्यानं मला बजावलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. कडेला एकही दांडा नव्हता. पाटाच्या पल्याड, गव्हात थोडे उगवले होते.

"काय करू?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, शेत तुझं, तूच ठरव. त्यानं तिथं फवारलं नाही. भावजयीनं ते दांडे राखून बाकीचं तण हातानं निंदून घेतलं. गहू काढायच्या आधीच दांडे वाळून गेले, असं ती नंतर सांगत होती.