खट् वाजलं न्हाई

बायकोबरोबर भाड्याच्या गाडीनं मंठ्याला भाचीच्या लग्नाला निघालो, तेव्हा मागच्या सीटवर मी पट्टा लावल्याचं नाटक केलं. पोट मध्ये येतं, म्हणून पट्टा ओढून नुसता हातात धरून बसलो. आताच्या गाड्या अशा वेळी टुंग टुंग करत बसतात. तेव्हा ते काम ड्रायव्हरनं केलं.

"साहेब, खट् वाजलं न्हाई."

"अहो, मागं कोण लावतं? चला जल्दी, मुहूर्त टळेल!"

त्यानं गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली आणि मान न वळवता खांद्यांसकट अख्खा माझ्याकडे वळला. मला तो निव्वळ माज वाटला.

"भाडं मी देतोय!" मी ओरडलो.

"भाडं ठेवा तुमच्याजवळच!" तोही भडकला. "गाडी झाडाला धडकली, तवा माझा पट्टा बराबर बांधेल होता. पण मागचा साहेब उडून माझ्या मानंवर आल्ता. तो उठून घरी गेला. माझी मान तवापासून वळंना. तुमचं काय व्हायचं ते होवो, पुढच्यानं काय पाप केलं?"

मी श्वास आत ओढून पट्टा खटकन लावला, पण मंठ्यापर्यंत फुगूनच बसलो. प्रत्येक फाट्यावर तो तसाच अख्खा वळून रस्ता बघत होता.

मांडवात शिरताना मी बायकोला म्हणालो, "काय उद्धट माणूस होता!"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी लागते म्हणून तुमच्या पुढच्या सीटवर मी बसले होते."