वीस मशीन, वीस कार्डं

अक्काचा कुणाच्याही डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिच्याकडे कार्ड मागायला गेलं की ती ते मुकाट हातात ठेवत नसे. आधी वाचायला लावायची. "एकेक आकडा मोठ्यानं वाच की. घाई केलीस तर परत पहिल्यापासून." मी वाचायची, ती वहीत लिहायची. मग लिहिलेलं ती वाचायची आणि मी कार्डाशी ताडून बघायची. एवढं झाल्यावर वहीत माझी सही, आणि मग कार्ड. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला या बाईचा इतका राग आला होता की मी नागपूरला आईला पत्रात तिच्याबद्दल दीड पान लिहिलं होतं.

ही नव्वदच्या दशकातल्या बंगळूरची गोष्ट. चिकपेटजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. कॉम्प्युटर जोडायचे, त्यांत ऑपरेटिंग सिस्टिम घालायची आणि गिऱ्हाइकाकडे नेऊन चालू करून द्यायचे, हे आमचं काम. सिस्टिमच्या प्रत्येक खोक्यात एक कार्ड यायचं. त्यावर सिरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशन की. एका कार्डावर एकच मशीन चालवायचं, असा करार. ही कार्डं स्टोअरमध्ये अक्काच्या ताब्यात असत, आणि स्टोअरमध्ये अक्का अकरा वर्षं होती.

तिचं घराणं चार पिढ्यांपासून चिकपेटमधलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि तिच्या तोंडात दोन्ही एकदम. "स्वल्प थांब ग" आणि "सरी, आता जा" ही तिची दोन वाक्यं मी दिवसातून दहादा ऐकायची; सरी म्हणजे बरं. माझं "येऊन राहिली", "करून राहिली" ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायची. "येऊन कुठं राहिलीस? अजून दारातच हाईस की." मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. मीही महिन्याभरात म्हणायला लागले. तोवर ती तिच्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, माझ्यासाठी काढून ठेवू लागली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला आम्ही सगळे मशीनना कुंकू लावत होतो, तर ही बाई कार्डांच्या कपाटाला कुंकू लावत बसलेली. मी चिडवलं. ती शांतपणे म्हणाली, "मशीन मोडलं तर दुसरं येतं. कार्ड हरवलं तर नवा नंबर मागायला पत्रं लिहून लिहून बोटं झिजतात. मग पूजा कुणाची करायची, सांग."

आता मॅनेजरबद्दल. ते पुण्याचे. त्यांना आज अहो-जाहो करणं माझ्या जिवावर येतं, पण सवय जात नाही. त्यांनी आल्या आल्या एक झटपट पद्धत आणली. एक मशीन नीट तयार करायचं आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवायची. त्याला आम्ही इमेज म्हणायचो. पद्धत उत्तम होती, मी ती आजही वापरते. फक्त प्रतीबरोबर पहिल्या मशीनचा नंबरही सगळीकडे जातो. म्हणून शेवटी प्रत्येक मशीनसमोर बसून त्याच्या कार्डावरचा नंबर आणि की हातानं घालावी लागते. मशीनमागे दहा मिनिटं. मॅनेजरना ती दहा मिनिटं खुपायची.

व्हाइटफील्डच्या वाटेवर, तेव्हा गावाबाहेरच म्हणावं अशा जागी, एका इस्पितळाला वीस मशीन द्यायची होती. शुक्रवारी मी अक्काकडून वीस कार्डं घेतली. वीसच्या वीस वाचली, ताडली, सही केली. वर आले तर मॅनेजर म्हणाले, "ते राहू दे आता. एकाच नंबरवर सगळी जाऊ देत. कोण बघतंय? नंतर घालू." मला कळत होतं की हे चूक आहे. माझं कन्फर्मेशनचं पत्र पंधरा दिवसांवर आलं होतं. मी कार्डांचा गठ्ठा माझ्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी इस्पितळात आम्ही मशीन एकमेकांना नेटवर्कनं जोडली, आणि ती एकामागून एक अडून बसली. आपलाच नंबर दुसरीकडे चालू दिसला की ती सिस्टिम कुणाला आत घेत नसे. नोंदणीच्या खिडकीसमोर पेशंटची रांग पायऱ्यांपर्यंत गेली. तिथूनच मॅनेजरनी मालकांना फोन केला. मी शेजारी उभी होते. ते म्हणाले, "स्टोअरनं कार्डंच दिली नाहीत, सर." फोन ठेवून मला म्हणाले, "रिक्षा कर. खणातून घेऊन ये." मी गेले, आणली, दुपारपर्यंत वीस नंबर घातले. सगळी मशीन सुरळीत चालू झाली.

संध्याकाळी मालकांनी मॅनेजर, अक्का आणि मी अशा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर म्हणाले, कार्डं स्टोअरच्या कपाटामागे सापडली. इतकं सरळ खोटं मी तोवर ऐकलं नव्हतं. मालकांनी कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, कार्डं दिली होतीस का?"

"दिली होती."

"कुणाला?"

अक्काच्या काखेत वही होती. तिनं वही उघडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मालकांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. मालकांनी नुसता हात पुढे केला असता तरी वही त्यांना मिळाली असती. त्यांनी केला नाही. आपल्या मॅनेजरचा शब्द तपासायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. अकरा वर्षं तीन शब्दांत संपली, आणि मी मूग गिळून उभी राहिले.

मी दोन दिवस तिच्यावरच चिडत होते. कुणी सांगितलं होतं हिला मला वाचवायला? बुधवारी ऑफिस सुटल्यावर तिच्या घरी गेले. खाली साड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. तिनं कॉफी दिली. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही माझ्यासाठी कशाला इतकं केलंत?"

तिला रागावलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. "तुझ्यासाठी? कोण म्हणालं तसं? मी नाव घेतलं असतं तर ती चहाडी झाली असती. तू घेतलं असतंस तर ते खरं बोलणं झालं असतं. मी तुला वेळ देत होते ग. किती वेळ दिला. तू बोललीच नाहीस."

कॉफी तशीच ठेवून मी उठले. गुरुवारी सकाळी मालकांसमोर सगळं सांगितलं: सही माझी, खण माझा, हुकूम मॅनेजरांचा. त्यांनी ऐकून घेतलं. मॅनेजरना एक शब्द विचारला नाही. मला म्हणाले, "सरी, झालं ते झालं. अक्काला सांग, परत ये म्हणावं." जणू मी तिला जेवायला बोलवायला निघाले होते. ठरल्या दिवशी माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं. त्यात माझी वर्तणूक समाधानकारक असल्याचं लिहिलं होतं. मी ते फाडलं नाही, याचीही मला लाज वाटते.

मालकांचा तो निरोप सांगायला मी त्या गुरुवारीच संध्याकाळी परत तिच्या घरी गेले होते. ती दारातच उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. मी येत नाही. मी अकरा वर्षांची. मी 'दिली होती' म्हणाले, ते त्यांना पुरलं नाही. तू चार महिन्यांची पोर, तुझं पुरलं. असल्या ठिकाणी कशाला येऊ?"

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं. आता मी स्वतः वीस जणांची साहेब आहे, आणि मीटिंगमध्ये पहिल्या मिनिटाला तोंड उघडते, म्हणून मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. त्या केबिनमध्ये मी गप्प राहिले, त्याची किंमत माझ्या नोकरीनं चुकवली नाही, तिच्या नोकरीनं चुकवली.