भाऊ असताना लॉजवर

आमच्या खानदेशात तुम्ही एखाद्याच्या शेतातली केळी तोडून नेलीत, तर चार शिव्या देऊन लोक विसरतील. पण नातेवाईक ज्या गावात राहतात त्या गावात जाऊन लॉजवर उतरलात, तर ते तुमच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा निघेल. मी हा गुन्हा केला आहे. जळगावात, सख्खा मामा तिथल्याच मेहरूण भागात राहत असताना, मी आईला घेऊन लॉजवर उतरले. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उतरेन.

लॉज मला नवे नाहीत. मी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि प्रात्यक्षिकांची परीक्षक म्हणून दरवर्षी धुळे, शिरपूर, चोपडा अशी फिरते. एकट्या बाईला खोली देताना काउंटरवरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तोंडपाठ सांगू शकते. धुळ्यात एकाने माझ्या मागे, दाराबाहेर, रिक्षाच्या पलीकडेसुद्धा पाहिलं आणि विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, माझा राग आहे, त्याला वेगळी खाट लागत नाही. खोली मिळाली, पण खाली मंगल कार्यालय निघालं आणि बँडवाल्यांनी माझा सूड घेतला. तेव्हा लॉज म्हणजे भांडायची तयारी ठेवून जायची जागा, एवढंच माझं मत होतं.

तरी आईला मी लॉजवरच नेलं. का, ते सांगते.

आई पाचोऱ्याला एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू जळगावात काढला. मला परीक्षा होत्या, आणि मामा म्हणाले, भावाचं घर असताना काळजी कसली. खरंच, काळजी कसली! माझे मामा मनाने राजा माणूस आहेत. त्यांनी तिला गाडीतून आणलं, गाडीतून दवाखान्यात नेलं, स्वतःची खोली तिला दिली. आणि चौथ्या दिवशी घरी भरताची पार्टी ठेवली. हिवाळा होता, भरताची वांगी बाजारात आली होती, बहीण आली होती, मग चार माणसं बोलवायला नकोत? अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, आणि ती गरम गरम सोलायला जी बायकांची रांग बसली, त्या रांगेत माझी आई बसली. डोळ्याला काळा चष्मा लावून. धुरात.

ती का बसली, असं मला विचारू नका. आमच्याकडे पाहुणी बाई म्हणजे घरात वाढलेले दोन हात. पुरुष पाहुणा आला की त्याला लोड मिळतो आणि बाई पाहुणी आली की तिला पोळपाट मिळतो. तो कोणी देत नाही, ती स्वतःच जाऊन घेते, आणि नाही घेतला तर घरी गेल्यावर तिला झोप लागत नाही. आईचे हात मिरचीचे, राखेचे. डोळा चुरचुरला. तिने चष्मा वर केला आणि पदराने पुसला. पुढचं काय सांगू? डोळा सुजला, लाल झाला. 'माझ्यामुळे कशाला सगळ्यांना ताप' म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. मग इंजेक्शनं झाली, मोठे डॉक्टर झाले, सगळं झालं. आता त्या डोळ्याने तिला दार उघडं आहे की बंद, एवढं कळतं.

म्हणजे राहिला डावा. त्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. हा गेला, तर माझी आई आंधळी. पाचोऱ्याच्या घरात ती एकटी भाकरी करते, पोथी वाचते, दारातल्या तुळशीला पाणी घालते. ते सगळं या एका डोळ्याच्या भरवशावर.

या वेळी मी रजा काढली, कोणालाही न सांगता ऑपरेशनची तारीख घेतली आणि दवाखान्याजवळच्या एका लॉजवर आठवड्यासाठी खोली ठरवली. आईला एसटीत बसल्यावर सांगितलं. ती जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. भावाच्या गावात जाऊन लॉजवर राहायचं, हे तिला ऑपरेशनपेक्षा जड जात होतं.

लॉजच्या काउंटरवर मफलर गुंडाळलेले एक वयस्कर मॅनेजर होते. मी बाह्या सरसावूनच आत गेले. सोबत कोण, आधार कार्ड, कितव्या मजल्यावर, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार. त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले की बाहेरगावाहून डोळ्याची माणसं बरीच येतात, खालची खोली देतो, पायऱ्या नकोत. झालं. माझी सगळी उत्तरं वाया.

खोलीत गेले तर खिडकीखाली भटारखाना. शेवभाजीच्या फोडणीचा ठसका थेट आत येत होता. मला काय, आनंदच झाला; मिळालं एकदाचं कारण. तरातरा बाहेर गेले आणि मॅनेजरना सुनवायला लागले की डोळ्याच्या पेशंटला तुम्ही मिरचीच्या धुरीत ठेवता, तुम्हाला काही वाटतं की नाही. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, चुकलंच ताई. आणि मागच्या बाजूची शेवटची खोली उघडून दिली. पडदे जाड, बाहेर कडुनिंब, वास नाही, आवाज नाही. ती खोली ते दुपारी स्वतः पाठ टेकायला वापरत, हे मला नंतर झाडलोट करणाऱ्या मावशींकडून कळलं. मी इतकी वर्षं लॉजवाल्यांशी भांडते आहे. 'चुकलंच' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं: धूर नको, वाफ नको, वाकायचं नाही, डोळ्याला हात नाही, आठवडाभर डोळ्यांत तेल घालून जपा, म्हणजे तेल घालू नका, असं स्वतःच हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

आता आईची तऱ्हा ऐका. पहिल्याच सकाळी मी थेंब आणायला मेडिकलमध्ये गेले, परत येते तर पलंगाची चादर घडी करून ठेवलेली, चहाचे कप विसळलेले, आणि आई बाथरूममध्ये बादलीवर वाकून स्वतःचं लुगडं धुते आहे. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मावशी धावत आल्या. आईचं म्हणणं काय, तर सगळं लॉजचीच माणसं करतात, "बठ्ठा काम त्याच करतस, मंग मी काय करू?"

मावशींनी वाद घातला नाही. बादली उचलली आणि घेऊन गेल्या. त्या दिवसापासून आमच्या खोलीत बादली नाही, झाडू नाही, फडकं नाही. सकाळी मावशी स्वतः गरम पाण्याची बादली घेऊन यायच्या, आईचं अंग पुसून होईपर्यंत थांबायच्या आणि रिकामी बादली परत न्यायच्या. भटारखान्यातून, यादीत नसलेली मुगाची खिचडी यायची, वर तूप. आई पहिला घास घेण्याआधी दाराकडे पाहायची, अजून कोणाचं जेवायचं राहिलंय का म्हणून. सत्तर ओलांडलेली बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसली होती, तीही एका लॉजच्या खाटेवर. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला संतापच आला. एवढं साधं सुख हिला कोणी कसं दिलं नाही? आणि हे देणारे कोण, तर ज्यांचं आमचं नातं नाही ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्या खोलीबद्दल म्हणाली, "माले आठे चांगली झोप येस." आणि तिसऱ्या दिवशी, मी अंघोळीला गेलेली पाहून, तिने स्वतःच मामांना फोन केला. भावाच्या गावात येऊन भावाला कळवायचं नाही, हे तिच्याने सहन होईना. कळवलं ते कळवलं, लॉजचं नाव आणि खोलीही सांगितली.

दुपारी मामा आणि मामी हजर. मामांचा चेहरा लालबुंद. खुर्ची पुढे केली तर बसेनात. मी मेलो का, असं विचारलं. बाजारपेठेत तोंड कसं दाखवू, असं विचारलं. भाऊ जिवंत असताना बहीण लॉजवर पडून आहे हे ऐकून लोक काय म्हणतील, हे तर तीन वेळा विचारलं. मी म्हटलं, मामा, लोकांचे डोळे शाबूत आहेत, त्यांचं सोडा. त्यावर ते मला म्हणाले की तू शिकलीस आणि तुला माणसं नकोशी झाली. मग मीही सोडलं नाही. तीन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. तुमच्या भरताच्या पार्टीने आईचा डोळा खाल्ला, असंही म्हणाले. मामा हळू आवाजात म्हणाले की या वेळी तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देणार नाही, माझा शब्द.

शब्द खरा होता, मला माहीत आहे. पण घरी नातीचा साखरपुडा चार दिवसांवर. घर पाहुण्यांनी भरलेलं. हे सगळं त्यांनीच सांगितलं, आणि त्याचा आईच्या डोळ्याशी काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मामांनी आईची पिशवी उचलली. आणि आई उठली. पलंगाखालच्या चपला पायाने चाचपायला लागली. माझी आई भावाला नाही म्हणणारच नव्हती. कधीच म्हणाली नव्हती. मी दारात आडवी उभी राहिले, पण मला कळत होतं की हरले. डोळ्याचे थेंब टेबलावर होते, ते कोणी पिशवीतही टाकले नव्हते.

मामी आल्यापासून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, येऊ नका."

मामांनी वळून पाहिलं.

"तुम्ही आलात की कामाला बसाल. आणि मी नाही म्हणणार नाही," मामी म्हणाल्या. "मागच्या वेळीही वांगी मीच तुमच्यापुढे सरकवली होती. वीस माणसं जेवायची होती. मला हात हवे होते."

आई चपला शोधायची थांबली. "माले माहीत शे," ती म्हणाली, आणि परत पलंगावर बसली, मामींच्या शेजारी.

आईचा डोळा कोणामुळे गेला, या ज्या प्रश्नाचं उत्तर मी तीन वर्षं शोधत होते, ते समोर बसलं होतं. मला मामींवर तुटून पडायचं होतं. तोंड उघडलंही. पण मामींच्या पायांना सूज होती, साडीला हळदीचे डाग होते, आणि त्या बसल्या जागी कलंडायला आल्या होत्या. पहाटेपासून साखरपुड्याच्या पापडांचं पीठ कुटत होत्या, हे मागाहून कळलं. आईने त्यांना खांद्याला धरून उशीवर आडवं केलं. वाकायचं नाही, हे मी ओरडून सांगेपर्यंत करूनही झालं. मामी मिनिटाभरात झोपल्या.

मामा हातात पिशवी घेऊन उभे. माणूस वाईट नाही हो, खरंच नाही. पण त्यांनी जे विचारलं ते त्यांना अगदी मनापासून पडलेलं कोडं होतं. घरी पाहुणे बसलेत, म्हणाले. संध्याकाळच्या भाकरी कोण टाकणार?

आईने काळा चष्मा नीट केला आणि धाकट्या भावाकडे तोंड वर करून पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आज तू टाक."

मामा पिशवी खाली ठेवून निघून गेले. भाकरी त्यांनी टाकल्या नाहीत, बाहेरून पोळ्या मागवल्या, असं ऐकलं. पाहुणे जेवले. आकाश कोसळलं नाही. मामी दिवेलागणीला उठल्या, मावशींनी आणलेला चहा पिऊन रिक्षाने घरी गेल्या. आम्ही आठवडा पूर्ण तिथेच काढला. साखरपुड्याला मी एकटी जाऊन आले, आणि तिथे प्रत्येक बाईने मला विचारलं की आईला लॉजवर टाकताना जिवाला काही वाटलं नाही का. अजून विचारतात. मामा माझ्याशी कामापुरतं बोलतात.

डावा डोळा स्वच्छ झाला. परवा आईचा फोन होता. सुईत दोरा स्वतः ओवला म्हणून सांगत होती, पोरीसारखी हसत होती. मीही हसले. फोन ठेवला आणि बसून राहिले. तिचा दुसरा डोळा गेला तो गेलाच. मामींना वाईट वाटलं, मामांना लाज वाटली, आईने तर केव्हाच सोडून दिलं. पण त्या डोळ्यासाठी आजवर रागावलं मात्र कोणीच नाही. म्हणून मी रागावते. घरात कोणीतरी रागावलेलं असायला हवं.