मिटिंगला गेलेला सदरा

परवा नातीनं विचारलं, "आजी, आजोबांना ती मिटिंग कोणी शोधून दिली?" मी मान ताठ करून म्हटलं, "मी!" बाकीचं तिला सांगितलं नाही. इथं बिनधास्त लिहिते, कारण पोरगी गुजराती फडाफडा वाचते आणि मराठीचा कागद दिसला की तिला झोप येते.

तेव्हा आम्ही खान्देशातून गुजरातेत, डिंडोलीत नवीन राहायला आलो होतो. आमचे हे पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर. कापडाचा रंग जरासा हलला तरी लांबून ओळखायचे. स्वतःचे डोळे पिवळे पडलेत, हे मात्र त्यांना आरशात दिसत नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बजावलं, दारू थांबली नाही तर माणूस हातचा जाईल. यावर हे मोठ्या साळसूदपणे म्हणाले, "मी कोठे पेस?" मी पितोच कुठं, म्हणे.

तेही एका अर्थी खरंच. गुजरातेत दारूबंदी. म्हणजे सरकारी हिशोबानं आमच्या घरात कसली अडचणच नव्हती. नसलेल्या अडचणीवर उपाय विचारायचा तरी कोणाला? शेजारणीला विचारावं तर तिच्याही घरी तीच नसलेली अडचण.

शेवटी डॉक्टरांनीच पुढच्या खेपेला मला एकटीला थांबवून हळूच सांगितलं. पर्वत पाटियाच्या पुढं एका शाळेत रविवारी सकाळी दारू सोडलेल्या लोकांची मिटिंग भरते, भाईंना पाठवा. भाई कसले जातात! "लोके काय म्हनतीन?" म्हणून कूस बदलून झोपले.

आता त्या वेळची मी किती हुशार होते पाहा. वटसावित्रीला यांच्यासाठी उपाशी मीच राहायचे. यांचे सोमवार, यांचे गुरुवार, सगळे माझ्याच पोटावर. मग यांची मिटिंगही मीच केली तर बिघडलं कुठं? आणि आमच्या खान्देशात एक रीत होती. आजारी माणूस भगताकडं जाण्यासारखा नसेल, तर त्याच्या अंगातला कपडा न्यायचा. धुतलेला नाही हं, अंगातलाच. धुतला की त्यातला माणूस निघून जातो म्हणे. मी खुंटीवरचा यांचा आदल्या दिवशीचा सदरा काढला, पिशवीत घातला, वर एक नारळ ठेवला आणि शटल रिक्षात बसले.

शाळा सापडली. दाराबाहेर मी भक्तिभावानं चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसलेले. वर्गातल्या बुटक्या बाकांवर मोठमोठे बाप्ये गुडघे मुडपून चहा पीत होते. मधोमध एक म्हातारे गुजराती काका. मी सरळ त्यांच्या टेबलावर सदरा पसरला. कॉलरला मळ, बाहीवर लाल-निळे डाग. शेजारी नारळ ठेवला आणि हात जोडून उभी राहिले.

सगळे बाकांवरून माना उंच करून पाहायला लागले.

काकांनी सदऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बेन, दारू पीए छे कोण? आ शर्ट?"

मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळा वर्ग. मलाही हसू आलं, पण मी ते पदरात धरलं. तिथं हसण्यात आपण मागं राहिलो, याचं आजही वाईट वाटतं. काकांनी सदऱ्याची नीट घडी घालून दिली, मला चहा पाजला आणि समजावलं, ज्याची दारू त्यानंच इथं यायचं; बायकोचं पुण्य इथं चालत नाही. नारळ मात्र त्यांनी फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

घरी आले तर हे खुंटीपुढं उभे. "मना सदरा कोठे गयथा?"

मी खरं ते सांगितलं. आता भडका उडणार म्हणून स्वयंपाकघराच्या दारात सरकले. यांनी पिशवीतून सदरा काढून कॉलर पाहिली. मग म्हणाले, "तो मयेल सदरा दखाडा? धुयेल कोठे मरी गया व्हता?"

मिटिंगचा राग नाही, दारूचं नाव काढल्याचा नाही. शहरभर रंग जुळवून देणाऱ्या कलर मास्तरचा डाग पडलेला सदरा परक्या बाप्यांनी पाहिला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर तेच. जेवताना मध्येच घास थांबवून विचारायचे, "कॉलर बी दखी का त्यासनी?" मी म्हणायचे, "अगदी उलटसुलट करून." हे मी तिखटमीठ लावून सांगत होते, हे ओळखण्याइतके ते त्या दिवसांत शुद्धीवर नसायचे.

पुढच्या रविवारी सकाळी उठून पाहते तर पांढरा सदरा, कडक इस्त्री, केसांना तेल. "चाल. दखाडी दे तुनी शाळा."

मी बाहेर व्हरांड्यात बसले. दार लोटलेलं. आतून कोणाचा तरी आवाज यायचा, मग शांतता, मग खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी. कान देऊन ऐकलं, पण यांचा आवाज काही ओळखू आला नाही. बाहेर आले तेव्हा इस्त्री मोडली होती आणि डोळे लाल होते.

रिक्षात मी विचारलं, "काय बोललात?"

"तठलं तठेच," म्हणाले. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ!

नंतर हे दोनदा घसरले. दोन्ही वेळा मला न सांगता, माझ्या नारळावाचून, आपले आपण तिकडं परत गेले. अजून दर रविवारी जातात. घरी आले की मी विचारते, काय झालं? उत्तर तेच. एवढ्या वर्षांत तिथलं मला एकच ठाऊक आहे, तिथला चहा फार गोड असतो. तोही मी स्वतः प्यायले म्हणून.