बाटलीतली हळद

भीतीचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठत जातात. शहाद्याच्या आमच्या फार्मसी कॉलेजात हळदीवर संशोधन सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, हळदीत कसलं आलंय घाबरण्यासारखं! आता चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो नानांचा सांगा ना." सांगते. पण आधी बाकीचे.

काम असं, की हळदीतलं कर्क्युमिन हे औषधी द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही. पोटात जातं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. आम्ही त्याचे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण करून तेलकट आवरणात गुंडाळतो. मग ते रक्तात जास्त उतरतं. पाटील सर गाईड, वैशाली त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, आणि मी मदतीला.

*

कण फोडायचं मशीन पहिल्यांदा सुरू केलं, तर असा कर्कश आवाज की शेजारचा वर्ग थेट मैदानात! शिपाई जिन्यात ओरडतोय, "भूकंप शे, पळा!" सर मात्र मशीनपाशी ठाम उभे. काय हिंमत माणसाची, असं मला वाटलं.

नंतर सर हळूच म्हणाले, "हिंमत कसली, माझे पायच हलेनात!"

*

वैशालीला बघायला पाहुणे आले. कितीही घासलं तरी तिची बोटं पिवळीच. पोहे देताना मुलाच्या आत्यानं तिचा हात धरला, उलटासुलटा पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या आधीच हळद लावून गेलं का कुणी?"

वैशाली सांगते, "मॅडम, तोंडी परीक्षेलासुद्धा इतकी घाबरले नव्हते!"

*

उंदरांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साध्या हळदीपेक्षा कितीतरी जास्त कर्क्युमिन रक्तात उतरलेलं. मी पेढे मागवायला निघाले, तर सरांचा चेहरा पांढरा.

"घरची हळद म्हणून लोक बिनधास्त घेतील," ते म्हणाले. "पण ही आता घरची राहिली नाही."

पेढे आले, कुणी खाल्ले नाहीत.

*

आता नानांचा. नाना म्हणजे वैशालीचे वडील. सारंगखेड्याला केळीची शेती, हृदयाचं दुखणं, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. कॉलेजचा फ्रीज बिघडला म्हणून वैशालीनं नमुन्याची बाटली घरच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली.

दुपारी तिचा फोन. "मॅडम, नाना बाटली प्यायले! सगळी!" पुढे नुसतं रडणं. कर्क्युमिननंही रक्त पातळ होऊ शकतं, हे आम्हा दोघींना पाठ होतं.

मी गाडी काढली. नाना ओट्यावर निवांत बसलेले. "हळदच शे ना बेटा, तेमा घाबरासारखं काय शे?" असं म्हणून हसले. हिरड्यांवर रक्त होतं. वैशालीनं माझा दंड असा घट्ट धरला की वळ उठले.

निघतानाच सरांना फोन केला होता; नानांना घेऊन शहाद्याच्या दवाखान्यात पोचलो तर ते आधीच येऊन उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, "हळदीनं कुणी ॲडमिट होतं का?"

"ही फार जास्त शोषली जाते," सर म्हणाले.

"किती?"

"उंदरात माहीत आहे."

"आणि माणसात?"

"माणसात हे पहिलेच." मला वाटतं, आयुष्यात इतकी भीती मला त्या उत्तराचीच वाटली.

गोळी थांबवली, रक्त तपासत राहिले. हिरड्यांतलं रक्त थांबलं, पण वैशाली कॉटचा पाय सोडेना. पुढच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." तेव्हा ती जमिनीवरच बसली. नानांना रागवायचं म्हणून सर रात्रभर शब्द जुळवत होते. ते तरातरा आत गेले. मी मागोमाग.

नाना उशीला टेकून बसलेले. सरांना बघून खूश झाले. "सर, दोन वरीसपासून मन्हा गुडघा दुखे. आज दुखत नही! आखो शे का थोडं?" आणि बाटली तोंडाला लावल्याची खूण केली.

सरांनी खिशातून पेन आणि कागद काढला. त्यांनी स्टूल ओढलं, दाराकडे एकदा पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"कोणता गुडघा?"