होडी वर धर

नदी थांबली की तिचा जोर कुठं जातो? धरणाच्या ओव्हरसियरला विचारलं, तो म्हणाला, "वल्हं मार." भोरच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "शाळेत का येत नाहीस?" थोरल्या दादाला विचारलं, तर तो नुसता हसला. आता दादाच नाही. तो गेल्यापासून काठावर दोन माणसं टेकली की त्याचाच किस्सा निघतो, आणि एकातून दुसरा.

आम्ही होडी चालवणारे भोई. वेळवंडी वाहती होती तेव्हा होडीचं तोंड समोरच्या घाटाच्या बरंच वर, धार येते त्या अंगाला धरायचं. मग धारच तिला खाली ओढून बरोबर घाटाला लावायची. पुढं धरणाची भिंत झाली, पाणी तुंबलं, पण दादाचे हात जुनेच. पहिल्याच साली त्यानं अख्खं वऱ्हाड घाटाच्या वरच्या अंगाला, श्रीपतीच्या वांग्यांत उतरवलं.

श्रीपती म्हणाला, "लगीन हितंच लावायचं का?"

दादा म्हणाला, "म्या बरोबर आणलं. नदीच आली न्हाई."

*

वाहत्या पाण्यात राहणारे मासे तुंबल्या पाण्यात हळूहळू दिसेनासे झाले. दादानं धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यातल्या हौदातून जांभळ्या फुलांची एक वेल आणून पाण्यात सोडली, वहिनीच्या अंबाड्यासाठी.

"सुकंल दोन दिसांत," वहिनी म्हणाली.

काही वर्षांत सगळा फुगवटा, भिंतीमागचं सगळं तुंबलेलं पाणी, वेलीनं हिरवा झाला. वहिनी येईल त्याला सांगायची, "लोकं बायकोला फूल आणत्यात. ह्यांनी रान आणलं."

*

बाबू धनगराची म्हैस डोंगरावरून उतरली आणि कुरण समजून वेलीत शिरली. गळ्यापर्यंत बुडाली. आम्ही दोर लावून ओढत होतो, आणि बाबू काठावरून दादाला म्हणत होता, "रान तुमी लावलं, राखणीलाबी तुमीच बसा."

म्हैस बाहेर येईपर्यंत चरत होती.

*

वेलीखालच्या पाण्यात डास झाले, डासांमागून हिवताप आला. दादाला भोरला न्यायला होडी काढली. कोयत्यानं वेल तोडत पलीकडे पोचेपर्यंत दिवस कलला. डॉक्टरांनी क्विनाईन दिलं आणि विचारलं, "इतक्या उशिरा आणलं?"

परतताना दादा तापात बडबडत होता, "वर धर. धार वढतीया."

वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "व्हय, धरलीया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

*

आमची जाळायची जागा पलीकडच्या घाटाजवळ. दादाला होडीत ठेवलं. चुलते म्हणाले, "सरळ ने, पोरा. वेलीतनं वाट तोडलेलीच हाय."

मी होडी वर धरली आणि नवी वाट तोडत गेलो. कुणी मला अडवलं नाही. होडी श्रीपतीच्या वांग्यांत लागली. श्रीपतीनं खुरपं खाली ठेवलं आणि तो खांदा द्यायला पाण्यात उतरला.