दोन जबाब आणि ओजिमातलं दार

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण निवृत्तीनंतर, टोकियोत, अंगावर वर्दी नसताना घडलेली एक घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. संबंधितांची नावं मुद्दाम देत नाही.

पुण्यातून निवृत्त झाल्यावर मी काही महिने टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात मुलीकडे राहिलो होतो. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका तरुणाशी ओळख झाली. सातारा जिल्ह्यातला, विद्यापीठात पीएच.डी. करणारा, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत एकटा राहणारा. मी पोलीस खात्यातला हे कळल्यावर शनिवारी दुपारी तो एक व्हिडिओ गेम घेऊन येऊ लागला.

खेळ कोर्टाचा. आपण बचाव पक्षाचे वकील. साक्षीदार एकेक वाक्य बोलतो. कुठल्या वाक्यात खोट आहे ते ओळखून नेमका पुरावा पुढे करायचा. चुकत गेलो की न्यायाधीश वैतागतात आणि शेवटी आपला निर्दोष अशील दोषी ठरतो. सगळं जपानीत. तो वाचून मराठीत सांगायचा, मी सोफ्यावरून हरकती घ्यायचो. "आमच्याकडे एवढ्या वेळात पंचनाम्याची नक्कलसुद्धा मिळत नाही," असं मी म्हटलं की खळखळून हसायचा. खेळाडू मात्र चिवट. साक्षीदाराला प्रत्येक वाक्याला अडवल्याशिवाय पुढे जायचा नाही.

एका शनिवारी मात्र त्याने कोणालाच अडवलं नाही. हाताला येईल तो पुरावा पुढे करत गेला. न्यायाधीशांनी हातोडा आपटला आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली.

"दोषी," त्याने शांतपणे वाचून दाखवलं.

"अरे, मागे जाऊन पुन्हा खेळू की."

"राहू दे काका. काही जणांना नाहीच वाचवता येत."

मग त्याने खेळाचं यंत्र, वायरी, सगळं पिशवीत नीट भरून माझ्यापुढे ठेवलं. "तुमच्याकडेच राहू दे. लॅबमध्ये काम फार वाढलंय. आता जमायचं नाही." जाताना वाकून पाया पडला. याआधी कधी पडला नव्हता.

पोलीस ठाण्यात माणसं वाचायची सवय लागते. रडणाऱ्या माणसाची मला फारशी धास्ती वाटत नाही. आठवडेच्या आठवडे ओढलेला चेहरा अचानक निवांत झाला आणि माणूस आवडत्या वस्तू वाटू लागला, तर मात्र मी सावध होतो. त्याचा चेहरा गेल्या महिन्यात उतरत चालला होता. आज तो एकदम निवांत होता.

रविवारी सकाळी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, झोपला असेल. इथे असं सारखं फोन करत नाहीत." मी तिला त्याच्याच लॅबमधल्या, फुनाबोरीला राहणाऱ्या एका मराठी मुलीला फोन लावायला सांगितला.

"काका, तो भारतात परत चाललाय ना?" ती म्हणाली. "मला सायकल देऊन गेला परवा."

"मला तर म्हणाला, लॅबमध्ये काम वाढलंय."

"काम? तो कितीतरी दिवसांत लॅबला आलेलाच नाही."

एका माणसाचे दोन जबाब जुळत नव्हते, आणि मला दोन्ही खोटे वाटत होते. मी चपला घालायला लागलो. "बाबा, थांबा तरी," असं म्हणत मुलगीही निघाली. फुनाबोरीपर्यंत बस आणि तिथून ओजिमा म्हणजे रेल्वेने काही मिनिटांचा प्रवास, पण गाडीत मला बसवेना. नोकरीत असतो तर एव्हाना जीप निघाली असती. इथे मी पर्यटक व्हिसावरचा म्हातारा होतो.

ओजिमा स्टेशनजवळ छोटी पोलीस चौकी आहे, तिला कोबान म्हणतात. तिथल्या तरुण शिपायाने मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तो विचारतोय, तुमचं नातं काय?"

"काका," मी म्हणालो.

त्याने टोपी घातली आणि तो आमच्याबरोबर निघाला.

वसाहतीची लांबच लांब गॅलरी, दारंच दारं. त्याच्या दारावरची बेल वाजवली. शिपायाची नजर खाली एसीच्या बाहेरच्या डब्यावर गेली, माझीही तिथेच होती. पंखा फिरत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आत माणूस आहे, हे सांगायला दुभाषी लागला नाही.

शिपायाने जपानीत हाका मारल्या. मग वायरलेसवरून किल्लीसाठी वसाहतीच्या कार्यालयाशी बोलू लागला. मी खाली वाकलो, टपालाच्या फटीची पट्टी उचलली.

"अरे, मी आलोय. जेवलास का?"

काही नाही.

"आईशी बोललास का?"

आडवळणाने विचारायची वेळ संपली होती.

"बाळा, सरळ विचारतो. जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

मागे मुलीने श्वास रोखला. मग अगदी दाराजवळून, जणू तो तिथेच टेकून बसला होता, आवाज आला.

"हो काका."

"बरं झालं सांगितलंस. आता दार उघड. मी कुठे जात नाही."

साखळी निघाली.

खोलीत सामान नव्हतं. कचऱ्याच्या पिशव्या तेवढ्या भिंतीशी ओळीने लावलेल्या होत्या. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. आपल्यामागे कोणाला त्रास नको म्हणून त्याने स्वतःचं आयुष्य वेगवेगळं करून बांधून ठेवलं होतं. नोकरीत मी बरंच पाहिलंय, पण त्या पिशव्या पाहून मला खाली बसावं लागलं.

शिपाई बूट काढून आत आला आणि आमच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मुलगी मधे बसून त्याला जपानीत सांगत होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षानुवर्षांचे प्रयोग फसले होते, शिष्यवृत्ती संपत होती. "गावात बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगा डॉक्टर होणार. आईला रोज फोनवर म्हणतो, सगळं छान आहे. आता तेही म्हणवत नाही, काका."

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात दाखल केलं. त्याच्या संमतीने वडिलांना फोन मी केला. ते म्हणाले, "साहेब, पदवी राहू दे. त्याला म्हणावं, घरी ये."

वडील येऊन त्याला घेऊन गेले. तो आता गावी आहे. औषधं चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत, असं तो स्वतःच सांगतो. आणि ते खरं सांगतो, याचंच मला जास्त समाधान आहे.

या केसने मला एक शिकवलं. असा प्रश्न विचारला तर नको तो विचार माणसाच्या डोक्यात शिरेल, अशी आपल्याला भीती वाटते. तो आधीच शिरलेला असतो. माणूस त्याच्याबरोबर एकटा बसलेला असतो, आणि कोणी तरी विचारावं म्हणून दारापाशी येऊन थांबलेला असतो.

हल्ली परदेशातल्या ओळखीच्या पोरांशी बोलताना मी "सगळं ठीक ना?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "झोप लागते का रे?" असं विचारतो आणि गप्प राहतो. पलीकडची शांतता लांबली, तरी फोन ठेवत नाही.